च्युइंग गम लोकांना किती आवडतो हे मोजायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाण्याच्या वस्तू लोकांना चाखायला द्यायच्या आणि त्यांची मतं नीट मोजून घ्यायची, हे माझं काम. त्यात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो गमने. नवीन लोक टीममध्ये आले की तेच तेच प्रश्न येतात, बाहेरचेही विचारतात, म्हणून एकदा सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय.

"आवडला का?" असं सरळ विचारलं की झालं ना, त्यात मोजायचं काय?

प्रश्न सरळच असतो, पण तो कधी विचारलात त्यावर उत्तर बदलतं, सगळी मेख तिथे आहे. बिस्किट तोंडात टाकलं, चावलं, गिळलं, अर्ध्या मिनिटात विषय संपला, मग विचारा काय विचारायचं ते. गम गिळायचा नसतो. तो दहा-पंधरा मिनिटं, कधी त्याहून जास्त तोंडात राहतो आणि तेवढ्या वेळात तो एकच वस्तू राहत नाही. आधी कडक असतो, दाताखाली तुटतो, मग एकदम गोड आणि थंड लागतो, मग मऊ होतो, मग चव उतरायला लागते आणि शेवटी नुसता चोथा उरतो जो कधी चिवट होतो, कधी दगडासारखा कडक. आता यातला नेमका कुठला गम आवडला असं आपण विचारतोय?

मी पहिल्यांदा गमची टेस्ट लावली तेव्हा हा विचारच केला नव्हता. दोन मिनिटं चघळा आणि मार्क द्या, एवढंच फॉर्मवर होतं. एक सॅम्पल स्पष्ट पुढे गेलं, सगळे खूश. मग तीच दोन्ही सॅम्पल लोकांना घरी वापरायला दिली तर पुढे गेलेल्या गमची पाकिटं अर्धी भरलेली परत आली आणि दुसऱ्याची रिकामी. पहिल्याची सुरुवात जोरात होती पण पाचव्या मिनिटाला तोंडात रबर उरत होतं, आणि मी तर दोनच मिनिटांनी विचारून मोकळी झाले होते. तेव्हापासून गम म्हटलं की मी आधी टायमर काढते.

आवड आणि चव किती लागली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

हो, आणि त्या मिसळल्या की सगळा डेटा वाया जातो. "पुदिन्याची चव किती तीव्र आहे" हा मोजमापाचा प्रश्न आहे, तिथे आपण माणसाला यंत्रासारखं वापरतो. त्यासाठी दहा-बारा लोकांचं प्रशिक्षित पॅनेल असतं, त्यांना आठवडेच्या आठवडे सराव दिलेला असतो आणि स्वतःची आवडनिवड बाजूला ठेवायला शिकवलेलं असतं. "तुम्हाला किती आवडला" हा प्रश्न मात्र साध्या, गम खाणाऱ्या ग्राहकालाच विचारायचा, प्रशिक्षित माणसाला नाही, कारण सराव झाल्यावर तो ग्राहकासारखा चाखतच नाही. उलटही चुकतं, ग्राहकाला पंधरा गुणधर्मांची यादी देऊन प्रत्येकाची तीव्रता भरायला लावली की तो कंटाळून सगळीकडे मधलाच आकडा टाकतो.

दोन्ही करायचं असेल तर दोन वेगळे गट घ्या आणि नंतर जोडा. पॅनेल सांगतं की या गमचा गोडवा चौथ्या मिनिटाला कोसळतो, ग्राहक सांगतात की चौथ्या मिनिटापासून मजा गेली. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की गम बनवणाऱ्याला कुठे हात घालायचा ते कळतं.

ते ९ अंकांचं स्केल सगळीकडे दिसतं, ते आलं कुठून?

अमेरिकन सैन्याकडून. सैनिकांना जे जेवण द्यायचं ते त्यांनी खावं, टाकून देऊ नये, हा प्रश्न होता आणि त्यासाठी शिकागोमधल्या क्वार्टरमास्टर फूड अँड कंटेनर इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड पेरियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० चं दशक संपता संपता आणि १९५० च्या दशकात हे स्केल तयार केलं. लुई थर्स्टन नावाचे मोठे मानसशास्त्रज्ञ त्यातल्या शब्दांच्या अभ्यासात होते. कुठला शब्द किती "दूर" वाटतो हे सैनिकांनाच विचारून तपासलं आणि त्यातून पायऱ्या ठरवल्या, १९५५ साली ते काम छापून आलं. याला हेडॉनिक स्केल म्हणतात, म्हणजे सुख किती वाटलं त्याची मोजपट्टी.

१ म्हणजे प्रचंड नावडला, ९ म्हणजे प्रचंड आवडला, आणि बरोब्बर मध्ये ५ म्हणजे ना आवडला ना नावडला. मधल्या पायऱ्यांना "खूप", "बऱ्यापैकी", "थोडासा" असे शब्द.

मराठीत फॉर्म करताना इथे जरा जपून, कारण मूळ पायऱ्यांमधलं अंतर इंग्रजी शब्दांवर ठरलंय, आपल्या नाही. "बरा आहे" हे आपण कौतुक म्हणूनही म्हणतो आणि कुणाचं मन न दुखावता नापसंती सांगायची असेल तेव्हाही तेच म्हणतो. "ठीक" चं पण तसंच. म्हणून हे दोन शब्द मी स्केलवर वापरतच नाही, प्रत्येक पायरीवर "आवडला" किंवा "नावडला" हे क्रियापद ठेवतेच ठेवते म्हणजे वाचणाऱ्याला आपण रेषेच्या कुठल्या बाजूला आहोत ते कळतं.

५ स्टार दिले तर काय बिघडतं?

फार काही बिघडत नाही, पण बारीक फरक दिसेनासे होतात. लोक टोकाचे आकडे टाळतात, ही माणसाची सवयच आहे, त्यामुळे ९ चे प्रत्यक्षात सात उरतात आणि ५ चे तीन. दोन गम अगदी जवळजवळचे असतील, नुसता स्वीटनर बदललेला, तर तीन पायऱ्यांत तो फरक पकडणं अवघड जातं.

आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावरचे स्टार म्हणजे टेस्ट नव्हे. तिथे जो मुद्दाम लिहायला आला त्याचंच मत दिसतं, एकतर फार खूश झालेला नाहीतर चिडलेला, गप्प बसलेले मोजलेच जात नाहीत. शिवाय पाकीट उशिरा आलं म्हणून एक स्टार दिलेला असतो, त्यात गमचा काय दोष.

मग किती मिनिटांनी विचारायचं?

एकदा नाही, अनेकदा. मी साधारण असे थांबे ठेवते: तोंडात टाकल्यावर ३० सेकंद, मग १ मिनिट, ३, ५, १० आणि १५. प्रत्येक थांब्याला एकच प्रश्न, "या क्षणी हा गम तुम्हाला किती आवडतोय", बस. जास्त विचारलं तर माणूस गम चघळायचं सोडून फॉर्म भरत बसतो आणि आपल्याला हवा असलेला अनुभवच मोडतो.

या थांब्यांव्यतिरिक्त माझा एक आवडता प्रश्न आहे आणि तो खरं तर प्रश्नच नाही. लोकांना सांगायचं की वाटेल तेव्हा थुंका, फक्त थुंकलात की बटण दाबा. किती मिनिटांनी थुंकला हा आकडा कुणी सौजन्य म्हणून वाढवून देत नाही. एखादा माणूस ८ मार्क देईल आणि चौथ्या मिनिटाला गम कागदात गुंडाळेल, तर मी कागदावर जास्त विश्वास ठेवते. अर्थात हा आकडाही आंधळेपणाने वापरू नये, काही लोक गम पाचच मिनिटं खातात कारण त्यांना फक्त जेवणानंतर तोंड ताजं करायचं असतं, म्हणून आधी विचारून ठेवायचं की तुम्ही एरवी किती वेळ चघळता.

याहून बारकाईने बघायचं असेल तर सलग मोजायच्या पद्धती आहेत. टाइम-इंटेन्सिटी म्हणजे माणूस चघळत असताना स्क्रीनवरचा कर्सर वरखाली करत राहतो, आत्ता गोडवा इतका, आता कमी, आणि त्याचा ग्राफ बनतो. १९९० च्या दशकात संशोधकांनी गमवरच असा प्रयोग केला की गोडवा आणि पेपरमिंट या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नोंदवायच्या, एक आडवी एक उभी. नंतर फ्रान्समधून टीडीएस नावाची पद्धत पुढे आली, टेम्पोरल डॉमिनन्स ऑफ सेन्सेशन्स, त्यात किती हे विचारत नाहीत, आत्ता सगळ्यात जास्त लक्ष कशाकडे जातंय तेवढंच निवडायचं: गोड, पुदिना, थंड, कडू, मऊ, रबरासारखं. गमसाठी मला टीडीएस फार पटते कारण पडद्यावर सरळ दिसतं की "रबरासारखं" हा शब्द कितव्या मिनिटाला वर येतो.

चव संपली असं वाटतं तेव्हा ती खरंच संपलेली असते का?

बऱ्याचदा नाही! हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर शोध आहे. १९९९ साली नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना पुदिन्याचा साखरवाला गम चघळायला दिला आणि एकीकडे त्यांच्या नाकातून येणाऱ्या श्वासात मेन्थोन किती आहे ते यंत्राने मोजलं, मेन्थोन म्हणजे पुदिन्याच्या वासातलं एक मुख्य द्रव्य. दुसरीकडे थुंकीत साखर किती उरली ते मोजलं. तिसरीकडे लोक सांगत होते की पुदिना किती लागतोय. निघालं असं की लोक पुदिना कमी झाला म्हणत होते तेव्हा नाकातलं मेन्थोन फारसं कमी झालेलंच नव्हतं, कमी झाली होती साखर. लोकांची पुदिन्याची जाणीव साखरेच्या मागे मागे उतरत होती.

म्हणजे गोडवा गेला की मेंदू पुदिन्याचाही हिशोब बंद करतो. हे तुम्ही स्वतः करून बघू शकता, साखरेचा गम चव गेली असं वाटेपर्यंत चघळा, मग चिमूटभर साखर तोंडात टाका आणि पुन्हा चघळा. पुदिना परत येतो. पुदिना तर कुणी टाकलाच नाही. आणि दुसरा प्रयोग, नवीन गम नाक दाबून चघळा, गोड आणि थंड लागेल पण "पुदिना" असा लागणार नाही, नाक सोडलं की भसकन येईल, कारण ज्याला आपण फ्लेवर म्हणतो तो बराचसा घशाच्या मागून नाकात जाणारा वास असतो.

मोजणाऱ्याला याचा उपयोग काय? ग्राहक म्हणतो "फ्लेवर टिकत नाही" आणि कंपनी आणखी फ्लेवर ओतते, खर्च वाढतो, आणि सुरुवातीला गम कडवट लागायला लागतो. खरी दुरुस्ती गोडव्यात असते, तो हळूहळू सुटेल असा करायचा. म्हणून तर स्वीटनरच्या कणांवर आवरण चढवतात, जेणेकरून ते चघळता चघळता थोडे थोडे बाहेर पडतील. ग्राहकाचं ऐकायचं नक्की, पण त्याने सांगितलेलं कारण जसंच्या तसं धरायचं नाही, त्याला त्रास कुठे होतोय एवढं तो खात्रीने सांगतो.

थंडावा म्हणजे चवच ना?

नाही. जिभेवरची गोड, कडू ही चव, पण थंडावा वेगळ्या वाटेने येतो. पुदिन्यातलं गार लागणारं द्रव्य म्हणजे मेन्थॉल, तो नसांमधल्या ज्या रिसेप्टरला, म्हणजे जाणीव पकडणाऱ्या भागाला, चालू करतो त्याचं नाव टीआरपीएमएट (TRPM8), तो खऱ्या थंडीसाठीचा आहे, मेन्थॉल त्याला फसवतो. २००२ मध्ये हा रिसेप्टर सापडला आणि स्पर्श-तापमानाच्या अशाच कामासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो एक गोड पदार्थ, त्याचा थंडावा आणखी वेगळा, ते विरघळताना खरोखरच उष्णता शोषून घेतं म्हणून तोंड क्षणभर गार पडतं.

तर फॉर्मवर थंडाव्याचा रकाना वेगळा ठेवा. एकाच गमला एक जण "मस्त गार" म्हणतो आणि दुसरा "झोंबतोय", दोघंही खरंच बोलत असतात.

चावण्याची मजा कशी मोजायची?

याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि माझं मत आहे की गमची निम्मी आवड इथेच आहे. फ्लेवर गेल्यावरही माणूस गम चघळत राहतो ते दातांना बरं वाटतं म्हणूनच ना.

गमचा जो भाग तोंडात शेवटपर्यंत उरतो त्याला गम बेस म्हणतात, तो थुंकीत विरघळत नाही. पूर्वी तो चिकलचा असायचा, म्हणजे आपण ज्याला चिकू म्हणतो त्या झाडाचा चीक, मध्य अमेरिकेतून यायचा. आता बहुतेक ठिकाणी पॉलिआयसोब्युटिलीन, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट असे पॉलिमर वापरतात. बेस कुठला आणि किती यावर चिवटपणा ठरतो. साखर, सॉर्बिटॉल वगैरे विरघळून निघून गेलं की गोळा लहान होतो, आणि "खूप छोटा झाला" ही तक्रार तिथून येते.

मी हे प्रश्न विचारते, पण सगळे एकदम नाही, ज्या त्या वेळी: पहिल्या चाव्याला वरचं कवच फुटल्याचा आवाज आवडला का, पहिल्या मिनिटात गम एकत्र येतो का भुसभुशीत सुटतो, पाचव्या मिनिटाला आकार पुरेसा वाटतो का, दाताला चिकटतो का, आणि शेवटी जबडा दुखला का. जबड्याच्या दुखण्याचा प्रश्न नेहमी थुंकल्यानंतर पाचेक मिनिटांनी, कारण तो तेव्हाच जाणवतो.

प्रयोगशाळेत गालाच्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावून चावण्याचा जोर आणि वेग मोजतात, ईएमजी म्हणतात त्याला. त्यावरून गम किती कडक झाला ते नीट कळतं. मजा किती आली ते कळत नाही, ते माणसालाच विचारावं लागतं.

बबल गमसाठी वेगळं काही?

फुगा. तोच मुळी विकत घेण्याचं कारण आहे. १९२८ मध्ये वॉल्टर डायमर नावाच्या एका अकाउंटंटने फिलाडेल्फियातल्या फ्लीर कंपनीत पहिला यशस्वी बबल गम बनवला, तो गुलाबी होता कारण हाताशी तोच रंग होता, आणि जगभर तो रंगच चिकटून बसला. त्या गमचा गुण चव नव्हता, फुगा फुगायचा आणि फुटल्यावर तोंडावरून सहज निघायचा. त्यामुळे इथे कितव्या मिनिटाला पहिला फुगा जमला, किती प्रयत्नात जमला, फुटल्यावर ओठाला चिकटला का, हे मोजा. गोडव्याचे सहा प्रश्न आणि फुग्याचा एकही नाही असे फॉर्म मी पाहिलेत, फार वाईट वाटतं.

"गोड कमी, बरोबर, जास्त" असा प्रश्न का विचारतात?

याला जस्ट-अबाउट-राइट किंवा नुसतं जार स्केल म्हणतात. आवडीचा आकडा सांगतो की काहीतरी चुकलंय, जार सांगतं कुठल्या दिशेला. मग दोन्ही जोडून पेनल्टी काढायची, म्हणजे त्या दोषामुळे आवड किती घसरली ते. समजा १०० जणांपैकी ३५ जण म्हणाले गोडवा कमी आहे आणि त्यांनी सरासरी ५.८ दिले, आणि ज्यांना गोडवा बरोबर वाटला त्यांनी ७.२ दिले, तर कमी गोडव्याची पेनल्टी १.४. आता ही तक्रार ३५ जणांची आहे म्हणून गंभीर, तीच ६ जणांची असती तर सोडून दिली असती. सहसा २० टक्क्यांच्या खाली असलेल्या तक्रारीवर कुणी रेसिपी बदलत नाही.

एक धोका आहे, "थंडावा" सारख्या गोष्टीला लोक "कमी" म्हणतात कारण जास्त असणं चांगलंच असं त्यांना वाटतं, आणि वाढवून दिलं की नाक मुरडतात. म्हणून जारवरून थेट निर्णय नको, वाढवलेलं सॅम्पल परत चाखायला द्या.

किती लोक लागतात?

घरातल्या पाच जणांना विचारून अंदाज येतो, निर्णय नाही. ग्राहकांच्या टेस्टला साधारण १०० च्या आसपास लोक घेतात, आणि वयोगट किंवा पुरुष-स्त्रिया असे वेगळे बघायचे असतील तर प्रत्येक गटात तेवढे.

का लागतात ते एका उदाहरणात सांगते. दोन गम दिले आणि "कुठला जास्त आवडला" एवढंच विचारलं. काहीच फरक नसेल तरी नाणं उडवल्यासारखं ५०-५० च्या आसपास पडेल, नेमकं ५०-५० नाही. १०० लोकांत एका गमला किमान ६१ जणांनी निवडलं तर नेहमीच्या ५ टक्क्यांच्या कसोटीवर (म्हणजे फरक नसताना नुसत्या योगायोगाने असं होण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी) म्हणता येतं की हा फरक योगायोग नसावा. ५० लोकांत हाच आकडा ३३ आहे. म्हणजे १०० पैकी ५५ जणांनी "आमचा" गम निवडला म्हणून पेढे वाटायचे नसतात.

आणि लोक गम खाणारे हवेत, हे सांगायला लागू नये पण लागतं. जो वर्षातून एकदा गम खातो त्याचं मत वाईट नाही, फक्त तो तुमचा प्रश्न सोडवत नाही.

एका बैठकीत किती गम चाखायला द्यायचे?

दोन. फार तर तीन, तेही मध्ये भरपूर वेळ ठेवून. मेन्थॉल तोंडात रेंगाळतो, त्यानंतर येणारा फळाचा गम बिचारा मार खातो, आणि जबडाही दमतो. प्रत्येक गम १५ मिनिटं चघळायचा असेल तर तीन गम म्हणजे पाऊण तास नुसतं चावणं झालं. मी शक्यतो दुसऱ्या दिवशी बोलावते. मध्ये कोमट पाणी आणि साधं, बिनचवीचं क्रॅकर देते, पण खरं औषध म्हणजे वेळच.

पहिला नंबर ज्याचा लागतो त्याला मार्क वेगळेच पडतात, बहुतेक वेळा जास्त, म्हणून अर्ध्या लोकांना आधी एक आणि अर्ध्यांना आधी दुसरा. सॅम्पलवर "ए" आणि "बी" लिहू नका, लोक ए ला उगाच चांगलं समजतात, तीन अंकी कोड टाका, ४१७, ८६२ असे काहीही. रॅपर काढून द्या. आणि रंग! हिरवा गम सफरचंदाचा असला तरी लोक पुदिना म्हणतात.

सेंटरवर बोलावून टेस्ट करायची की घरी पाठवायची?

दोन्हीचं काम वेगळं. सेंटरवर सगळं ताब्यात असतं, वेळ, खोली, क्रम, पण बंद खुर्चीत बसून समोर टायमर ठेवून कुणी गम खात नाही. गम माणूस दुसरं काहीतरी करताना खातो, गाडी चालवताना, अभ्यास करताना, मीटिंगच्या आधी. घरी दिलेला गम त्या खऱ्या आयुष्यात जातो, आणि एक फार महत्त्वाची गोष्ट तिथेच कळते ती म्हणजे कंटाळा. पहिल्या दिवशी ८ असलेला फ्लेवर सातव्या दिवशी किती, हे सेंटरवर कळणारच नाही. जोरदार, चमत्कारिक फ्लेवर लवकर पडतात, साधे टिकतात, निदान मी तरी असंच पाहत आले आहे.

बजेट एकाचंच असेल तर गमसाठी मी घरची टेस्ट निवडेन. बाकीच्या खाण्याबद्दल असं म्हणणार नाही.

सरासरी ६.५ आली, चांगली का वाईट?

एकट्या ६.५ ला काही अर्थ नाही. शेजारी काय होतं ते सांगा. बाजारात चालणारा एखादा गम त्याच टेस्टमध्ये, कोड लावून, तुलनेला ठेवलाच पाहिजे, त्याला ६.४ मिळाले तर तुमचे ६.५ ठीक, त्याला ७.४ मिळाले तर अवघड आहे.

आणि सरासरीच्या आत बघा. दालचिनीच्या गमला निम्म्या लोकांनी ९ आणि निम्म्यांनी ३ दिले तरी सरासरी ६, आणि एखाद्या मिळमिळीत गमला सगळ्यांनी ६ दिले तरी सरासरी ६. पहिल्याला जीव लावणारी माणसं आहेत, दुसऱ्याला कुणीच नाही. मी रिपोर्टमध्ये सरासरीच्या आधी प्रत्येक आकड्याला किती लोक, तो ग्राफ लावते, लोक कितीही घाईत असले तरी.

चेहरा वाचणारं सॉफ्टवेअर वापरलं तर विचारायचीच गरज नाही?

गमसाठी तरी नको. ते सॉफ्टवेअर तोंड आणि गाल यांच्या हालचालींवर चालतं आणि गम चघळणाऱ्याचं तोंड सतत हलतच असतं.

भावना मोजतात ते काय?

आवड सारखीच असलेले दोन गम वेगळ्या भावना देऊ शकतात, एकाने तरतरी येते, दुसऱ्याने शांत वाटतं. त्यासाठी शब्दांच्या याद्या असतात, २०१० मध्ये आलेल्या एका प्रसिद्ध यादीत ३९ शब्द आहेत. चघळत असताना ३९ शब्द वाचणं म्हणजे शिक्षाच, मी दहा-बारा निवडते आणि "लागू असेल त्यावर टिक करा" एवढंच सांगते.

लहान मुलांना कसं विचारायचं?

चेहऱ्यांचं स्केल देतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, पण लहान मुलं कधी कधी आपल्याला आवडलेलं चित्र निवडतात, गमशी संबंध नाही. थोड्या मोठ्या मुलांना "एकदम भारी", "छान", "वाईट", "एकदम वाईट" असे त्यांचे शब्द दिले की चांगली उत्तरं येतात. पालकांना खोलीच्या बाहेर बसवा, मूल आईकडे बघून उत्तर देतं. आणि गम गिळण्याइतकं लहान मूल असेल तर टेस्टच करू नका.

आवडला म्हणजे विकत घेतील का?

याची खात्री नसते. "घ्याल का" विचारलं की लोक हो म्हणतात कारण हो म्हणायला पैसे लागत नाहीत. म्हणून थोडा तरी खरा व्यवहार ठेवायचा. सोपी पद्धत, टेस्ट संपल्यावर आभार म्हणून एक पाकीट निवडायला सांगा, तुमचा गम, दुसऱ्याचा गम, किंवा तेवढेच पैसे. कुणी काय उचललं ते लिहून ठेवा. अर्थशास्त्रातली १९६४ सालची बेकर, डीग्रूट आणि मार्शाक यांची पद्धत याहून नेमकी आहे, माणूस स्वतःची किंमत सांगतो, मग चिठ्ठी काढून एक किंमत ठरते, ती त्याच्या किमतीपेक्षा कमी किंवा तेवढीच असेल तर त्याला चिठ्ठीतल्या किमतीला घ्यावंच लागतं. त्यामुळे खोटं सांगण्यात फायदा उरत नाही. समजावून सांगायला वेळ लागतो, एकदा सराव फेरी घ्याच.

टेस्टच्या आधी काय काळजी घ्यायची?

हे टाळू नका. ॲस्पार्टेम हा स्वीटनर असेल तर फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना चालत नाही, आधी विचारा आणि फॉर्मवर लिहा. सॉर्बिटॉलसारखे पदार्थ जास्त झाले तर पोट बिघडतं, घरच्या टेस्टमध्ये दिवसाला किती खायचे त्याची मर्यादा द्या. जबड्याचा त्रास, कवळी, दातांना तारा असलेल्यांना घेऊ नका. ॲलर्जी विचारा. आणि झायलिटॉलचा गम घरी पाठवत असाल तर कुत्र्यापासून लांब ठेवा असं ठळक लिहा, कुत्र्यांना ते विषारी असतं, अगदी थोडं सुद्धा.

माझ्याकडे पैसे नाहीत, पण प्रोजेक्टसाठी छोटी टेस्ट करायची आहे, कशी करू?

दोन गम घ्या, फरक एकाच गोष्टीचा असेल असे, म्हणजे एकाच फ्लेवरचे पण एक साखरेचा आणि एक बिनसाखरेचा. रॅपर काढून छोट्या झाकणाच्या डब्यांत, तीन अंकी कोड लावून ठेवा, कोड कुणाचा ते एका मित्राकडे, तुमच्याकडे नाही. गम खाणारे तीस-चाळीस जण गोळा करा, अर्ध्यांना एक आधी, अर्ध्यांना दुसरा, दोन वेगळ्या दिवशी, शक्यतो त्याच वेळेला आणि जेवणानंतर लगेच नको. फोनवर टायमर लावून १, ५ आणि १० मिनिटांना ९ पैकी मार्क, आणि थुंकल्याची वेळ. शेवटी एकच मोकळा प्रश्न, "का थुंकलात?"

मग प्रत्येक मिनिटाची सरासरी काढून दोन रेषा एकाच ग्राफवर काढा आणि कुठे एकमेकींना छेदतात का ते बघा. छेदत असतील तर कुठल्या मिनिटाला विचारलं त्यावर कुठला गम "जास्त आवडतो" ते बदलतंय. तो छेदाचा बिंदू आणि त्याच्या खाली लोकांनी "का थुंकलात" ला लिहिलेली उत्तरं, जशीच्या तशी, त्यांच्याच शब्दांत, प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लावा.